चीजबोर्ड, पाट आणि बोर्डिंग

गेल्या महिन्यात नात पुण्याहून आली ती एक जड लाकडी फळी घेऊन. मला वाटलं, नवीन तऱ्हेचा पोळपाट. "आजी, पोळपाट नाही गं, चीजबोर्ड!" तिच्या चार मैत्रिणी येणार होत्या, आणि या फळीवर तीन-चार प्रकारचं चीज, द्राक्षं, अक्रोड, बिस्किटं मांडून त्यांचं स्वागत करायचं होतं. कोल्हापुरात पाहुण्याला तांबडा-पांढरा सोडून चीज! आम्ही गंगावेशीत म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून घेऊन तिथंच फेसाळ दूध पिणारी माणसं. आमचं चीज म्हणजे फार तर फडक्यात टांगलेला चक्का. पण असो. फळी पाहून मला बरं वाटलं. लाकूड मला कळतं.

तिला म्हटलं, आण इकडे, बघू. चांगल्या पोळपाटाची पारख तीच हिची. लाकूड जड आणि घट्ट रेषांचं हवं, भेग नको, गाठ नको, टेबलावर ठेवल्यावर डुगडुगता कामा नये. निगाही तीच. पाण्यात भिजत घालायचं नाही, उन्हात तापवायचं नाही. ओल्या फडक्यानं, लागलंच तर थोड्या साबणानं धुवायचं, लगेच पुसायचं आणि उभं करून वाळवायचं. आडवं ठेवलं तर एका बाजूनं ओल राहते आणि फळी वाकते. वास राहिला तर मीठ आणि लिंबाची फोड घासावी. तेल लावायचं ते शेंगतेल नको, काही दिवसांनी खवट होतं. औषधाच्या दुकानात पोटात घेण्याजोगं पॅराफिन मिळतं, ते बरं.

"पण लाकडात जंतू राहतात ना?" नातीची शंका. मीही पूर्वी तसंच समजत होते. पण अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर यांनी याचे प्रयोग केले आणि ते १९९४ साली प्रसिद्ध झाले. लाकडाच्या पृष्ठभागावरचे जंतू आत शोषले जातात आणि पुन्हा सहसा वर येत नाहीत. उलट सुरीचे चरे पडलेल्या प्लॅस्टिकवर ते धुतल्यावरही टिकतात. आपल्या आज्या काही अगदीच चुकत नव्हत्या म्हणायच्या.

मग नातीनं मला तिचे नियम शिकवले. चीज तासभर आधी फ्रिजबाहेर काढायचं, म्हणजे चव उमलते. मऊ एकीकडे, कडक दुसरीकडे. आणि प्रत्येक चीजला सुरी वेगळी, कारण निळ्या बुरशीच्या चीजची सुरी दुसऱ्याला लागली तर त्याची चव बिघडते. मी हसले. म्हटलं, "अगं, हे तर सोवळं झालं!" ती हसली. माझं हसू मात्र तिथंच थांबलं, कारण एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगायच्या आधी थोडा इतिहास सांगते. शिक्षिकेची खोड, चालवून घ्या.

इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे मुळात फळी. युरोपात घरोघर चिनी मातीच्या बशा येण्याआधी लोक लाकडी फळीवर किंवा शिळ्या पावाच्या जाड तुकड्यावर वाढून घेत. जेवणाचं टेबल म्हणजेही फळ्याच. म्हणून फळीचं नाव टेबलाला पडलं, टेबलाचं जेवणाला, आणि जिथं राहायची-जेवायची सोय ते झालं 'बोर्डिंग'. हा शब्द कोल्हापूरच्या माणसाला वेगळा सांगायला नको. आपलं गाव तर बोर्डिंगांचंच.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या मुलांसाठी म्हणून एक वसतिगृह काढलं होतं. पण काही वर्षांतच तिथं फक्त ब्राह्मण विद्यार्थी उरले. खेड्यातल्या मुलाला शाळेत प्रवेश मिळाला तरी तो राहणार कुठं, आणि कुणाच्या पंगतीला जेवणार? अडायचं ते या प्रश्नावर. म्हणून महाराजांनी वाट बदलली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. हे नाव मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं.

या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जैन बोर्डिंगातला एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, अंघोळ कर, मगच जेवायला ये. त्यानं नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. हा मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. पुढे १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं, त्याला शाहू महाराजांचंच नाव दिलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करत, एकत्र जेवत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. पंगतीवरून उठवलेल्या मुलानं अशी पंगत मांडली.

महाराजांची स्वतःची रीतही तशीच. गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मार बसला होता. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' हॉटेल काढायला मदत केली. मग स्वतः गाडी तिथं थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे.

आता माझी गोष्ट. साधारण १९६० चं साल. त्या हॉटेलापासून आमचं घर पायी दहा-पंधरा मिनिटांवर. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ सालीच झाला होता. वडिलांच्या कचेरीतले एक गृहस्थ आमच्याकडे येत. माझं गणित कच्चं, ते हिशेब समजावून द्यायचे. त्रैराशिक मला त्यांच्यामुळे कळलं. आमच्याकडे शिसवीचे सहा पाट होते, पितळी फुल्यांचे. कुणी आलं की पाट मांडणं माझं काम. पण हे काका आले की आई डोळ्यांनी खुणावायची. त्यांना सतरंजी. चहाचा कप कोनाड्यातला, दांडी तुटलेला. चहा झाला की ते स्वतःच मोरीवर जाऊन कप विसळायचे आणि पालथा ठेवायचे. वडील खिडकीबाहेर बघत राहायचे.

एकदा मी न सांगता पाट मांडला. आई आतून बाहेर आली, काही न बोलता पाट उचलून आत घेऊन गेली. काका उभेच होते. मग ते खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "आण बाळ वही." त्या दिवशीही त्यांनी सगळी गणितं करून घेतली. आई दुष्ट नव्हती. आजारी शेजारणीचं सगळं करायची. म्हणून तर हे आठवलं की जास्त लागतं.

सदतीस वर्षं मी शाळेत शिकवलं. शाहू महाराजांचा धडा दरवर्षी शिकवला, सनावळ्या पाठ करून घेतल्या. ही गोष्ट मात्र वर्गात एकदाही सांगितली नाही. नातीला सांगितली तेव्हा ती हातातलं फडकं तसंच धरून ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "मग ते काका परत आले का गं?"

"नाही. त्यानंतर नाही आले."

संध्याकाळी मैत्रिणी आल्या. सहापैकी चार पाट अजून घरात आहेत. तेच मी जमिनीवर मांडले, मधे ती फळी. कोण कुठल्या, मी विचारलं नाही. निळ्या बुरशीचं चीज मला काही आवडलं नाही, खरं सांगते. मुलींनी मात्र फळी साफ केली. त्या गेल्यावर नातीनं ती धुतली, पुसली आणि भिंतीला उभी करून ठेवली. पाट मी पुसले.