खेड्याला कसला इतिहास?

धाराशिव तालुक्यातील बेंबळीचे नाव घेतले की पुष्कळजण म्हणतात, “खेड्याला कसला इतिहास?” परंतु याच जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथून भडोचला कापड जात असे, अशी नोंद पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात आहे. तेथील अवशेष वेचून जपले, ते तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी.

बेंबळीवर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची राजवट होती. त्या अमदानीच्या अखेरच्या काळातले सरकारी दप्तर उर्दूत. मराठी घरांतले जुने कागद बहुधा मोडीत. मोडी वाचणारे आता विरळ झाले आहेत. माळ्यावरचे दप्तर वाळवीने खाल्ले, तर गावाची साक्षच बुडाली. तेव्हा ताम्रपट सापडण्याची वाट न पाहता आधी घरातले दप्तर सोडावे; बेंबळीचा इतिहास बेंबळीकरांनाच लिहावा लागेल.