लग्नाच्या मांडवातल्या कागदी पताका: कशा बनवतात, कुठे बांधतात, काय जपायचं?

लग्नघर ओळखायला पूर्वी पत्ता लागत नसे. गल्लीच्या तोंडापासून रंगीत कागदी पताका लागलेल्या दिसल्या की पाहुणे बरोबर पोहोचत. लग्नं मंगल कार्यालयात होऊ लागली, सजावट डेकोरेटरकडे गेली आणि पताका मागे पडल्या. पण दारापुढे मांडव घालून होणाऱ्या लग्नात, हळदीला आणि घरगुती साखरपुड्याला त्या आजही बांधल्या जातात.

तोरण आणि पताका यांत फरक काय?

तोरण दारावर बांधतात. ते आंब्याची पानं आणि झेंडूच्या फुलांचं असतं आणि त्याला शुभकार्यात मान असतो. पताका ही निव्वळ सजावट आहे. दोरीला ओळीने चिकटवलेले कागदाचे त्रिकोण, एवढंच तिचं रूप.

कागद कोणता?

पताकांसाठी पतंगी कागद वापरतात. तो पातळ असल्याने वाऱ्याच्या झुळकीनेही हलतो आणि ऊन आरपार आलं की रंग खुलतो. जाड कार्डपेपरच्या पताका नुसत्या लोंबत राहतात. त्रिकोणी आकाराचाही फायदा आहे. कागदाच्या पट्टीवर एक त्रिकोण सुलटा, एक उलटा असा आखला की कडेचे तुकडे सोडून काहीच वाया जात नाही.

किती कागद लागेल?

पताका २० सेंटिमीटर रुंद, २५ सेंटिमीटर लांब आणि दोन पताकांमध्ये ५ सेंटिमीटर जागा धरली, तर १० मीटर दोरीला ४० पताका लागतात. ५० बाय ७५ सेंटिमीटरच्या एका तावातून अशा १२ पताका निघतात. म्हणजे १० मीटरला ४ ताव पुरतात.

कशा बनवतात?

१. दोन चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा. वाटीभर उकळत्या पाण्यात तो घालून घट्ट होईपर्यंत ढवळा. झाली खळ.

२. तीन-चार ताव एकावर एक ठेवून त्रिकोण कापा.

३. सुतळी दोन खिळ्यांमध्ये ताणून बांधा. त्रिकोणाच्या रुंद कडेला खळ लावा आणि दोन सेंटिमीटर कागद सुतळीवरून दुमडून चिकटवा.

४. पूर्ण वाळल्यावरच सुतळी पुठ्ठ्यावर गुंडाळा. ओल्या पताका एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना फाटतात.

खळीला कीड लागू नये म्हणून बुकबाइंडर तिच्यात मोरचूद घालतात. घरी ते टाळावं, कारण मोरचूद विषारी असतं. चार दिवसांच्या सजावटीला त्याची गरजही नसते.

बांधताना काय जपायचं?

- पतंगी कागद पटकन पेटतो. आचाऱ्याची भट्टी, होम आणि तापणारे हॅलोजन दिवे यांच्यापासून पताका लांब ठेवा. विजेच्या तारांवरून दोरी टाकू नका.
- हा कागद भिजला की रंग सोडतो. एप्रिल-मेच्या लग्नात वळवाचा पाऊस आला, तर खालच्या पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात. जेवणाच्या पंगतीवर पताका नकोतच.
- दोरी किंचित सैल ठेवा. फार ताणलेली दोरी वाऱ्यात तुटते.

प्लास्टिकच्या पताका का नकोत?

बाजारात मिळणाऱ्या चकचकीत पताका बहुतेक वेळा कागदाच्या नसतात, प्लास्टिकच्या असतात. लग्नानंतर त्या गटारात आणि शेताच्या बांधावर वर्षानुवर्षं पडून राहतात. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंच्या यादीत प्लास्टिकचे झेंडे आणि सजावटीचा थर्माकोलही आहे. घेताना कोपरा फाडून पाहावा: कागद सहज फाटतो, प्लास्टिक आधी ताणलं जातं.

वेळ किती लागतो?

एकट्याने बसलं तर शंभर पताकांना अख्खी संध्याकाळ जाते. म्हणूनच हे काम लग्नाच्या आदल्या रात्री भावंडं, शेजारी आणि मुलं मिळून करत. एकाने कापायचं, दुसऱ्याने खळ लावायची, तिसऱ्याने चिकटवायचं. लहान मुलांना लग्नघरात हक्काचं असं काम क्वचितच मिळतं. पताका चिकटवणं हे त्यांतलं एक.