छातीचा ठाव

सोनोग्राफी म्हटले की आपल्या घरांतून गरोदर सून आठवते, फार तर मुतखडा. त्याच यंत्राने फुफ्फुस तपासता येते असे कोणी म्हटले असते, तर १९९० पर्यंत बहुतेक डॉक्टरांनीही नकारार्थी मान हलविली असती. कारण उघड होते. या यंत्राचा ध्वनी हवेपाशी पोचला की जवळजवळ सगळा परत फिरतो. आणि फुफ्फुस म्हणजे तर हवेचीच पिशवी!

छाती हा फार काळ बोटांचा आणि कानांचा प्रांत होता. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स गावच्या एका खाणावळवाल्याचा मुलगा, लेओपोल्ड आउएनब्रुगर, व्हिएन्नात वैद्य झाला. मद्याचे पिंप ठोकून ते कुठवर भरले आहे हे ओळखायची रीत त्याने घरीच पाहिली, असे सांगतात. छाती बोटांनी ठोकली तर आत साचलेल्या पाण्याची पातळी कळते, हे त्याने १७६१ साली एका छोट्या लॅटिन पुस्तकात लिहिले. पुस्तकाकडे फारसे कोणी पाहिले नाही. नेपोलियनचे वैद्य कोर्व्हिसार यांनी १८०८ साली त्याचा फ्रेंच अनुवाद केला, तेव्हा कुठे ती विद्या युरोपभर गेली. कोर्व्हिसार यांना हा शोध आपल्या नावावर सहज खपवता आला असता. त्यांनी श्रेय मूळ धन्यालाच दिले. पुढच्याच वर्षी आउएनब्रुगर वारला. दुभाषी मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना अनुवादकाचे हे ऋण वेगळे समजावून सांगायला नको.

कोर्व्हिसार यांचा शिष्य लाएन्नेक. एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावण्याचा संकोच वाटला म्हणून १८१६ साली त्याने कागदाची गुंडाळी केली, आणि तिचाच पुढे स्टेथोस्कोप झाला. १८९५ साली राँटगेनचे क्ष-किरण आले. छातीचा प्रश्न मिटला असे सर्वांना वाटले.

पण अतिदक्षता विभागातला रोगी उभा राहू शकत नाही, श्वास रोखून धरू शकत नाही. तोंडात नळी आणि उशाशी व्हेंटिलेटर असताना त्याला सी.टी. स्कॅनपर्यंत नेणे हीच एक जोखीम. निजल्या जागी काढलेला एक्स-रे धूसर येतो. आणि फुफ्फुसाबाहेर हवा साठून दाब वाढू लागला, तर हाताशी मिनिटेच असतात.

पॅरिसलगतच्या आंब्रुआझ-पारे इस्पितळात अशाच विभागात काम करणारे दानियल लिश्टेनश्टाइन यांनी जुन्याच साध्या यंत्राचा प्रोब रोग्यांच्या बरगड्यांवर ठेवला. फुफ्फुस दिसत नाही हे खरेच. पण त्याची कड दिसते. दोन बरगड्यांच्या सावल्यांमध्ये एक चकचकीत रेघ असते, ती फुफ्फुसाच्या आवरणाची. श्वासागणिक ती मागेपुढे सरकते. ज्या जागी ती सरकताना दिसते, त्या जागी फुफ्फुस छातीला टेकलेले आहे. मध्ये हवा साठलेली नाही. हे त्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केले. गंमत अशी, की अमेरिकेतले पशुवैद्य रँटानेन यांनी १९८६ सालीच घोड्याच्या छातीतली अशी हवा सोनोग्राफीने ओळखली होती. माणसांच्या डॉक्टरांनी घोड्यांची मासिके वाचली नाहीत, इतकेच.

१९९७ सालचा शोध मला अधिक मोलाचा वाटतो. त्या रेघेपासून कधी कधी धूमकेतूच्या शेपटीसारखे उभे पट्टे थेट पडद्याच्या तळापर्यंत उतरतात. चित्रातला बिघाड म्हणून ते सोडून देण्याची पद्धत होती. लिश्टेनश्टाइन यांनी दाखवून दिले, की हवेच्या शेजारी पाणी साचू लागले म्हणजे असे पट्टे उठतात. कोरडे फुफ्फुस आडव्या रेघा देते, ओले उभे पट्टे. दोन्ही बाजूंना भरपूर पट्टे असले तर हृदय थकून फुफ्फुसात पाणी आल्याचा संशय घ्यावा. एकाच बाजूला असले तर न्यूमोनियाचा. ज्याला बिघाड म्हणत होते, तोच निरोप निघाला.

फुफ्फुसांना गंभीर इजा झालेल्या ३२ रोग्यांवरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००४ साली आला. सी.टी. स्कॅन प्रमाण धरला, तर छातीतल्या पाण्याबाबत स्टेथोस्कोपचे निदान ६१ टक्के बरोबर ठरले, निजवून काढलेल्या एक्स-रेचे ४७ टक्के आणि सोनोग्राफीचे ९३. एक्स-रेपेक्षा कान बरा निघाला! २००८ साली त्यांनी ठराविक जागा तपासण्याची पद्धत बसवून दिली. धाप लागून आलेल्या २६० रोग्यांत तिने ९०.५ टक्के वेळा कारण अचूक सांगितले. २०१२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी या तपासणीच्या शिफारशी लेखी केल्या. २०२० च्या कोरोनाच्या साथीत, रोग्याला हलविणे नको असताना, ती ठिकठिकाणी वापरली गेली.

आता यंत्र खिशात मावते, तरी आपल्याकडे ते खिशात घेऊन हिंडता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, केंद्राने १९९४ साली. कारण न्याय्य होते आणि आहे. त्यामुळे बेळगाव असो वा पणजी, सोनोग्राफीचे यंत्र नोंदलेल्या जागेतच वापरायचे. फिरत्या दवाखान्यांची सवलत सोडली, तर धापा टाकणाऱ्या रोग्यालाच त्याच्यापर्यंत न्यावे लागते.