चवड्याची कैफियत

दिवाळीत वरच्या फळीवरचा चिवड्याचा डबा काढताना माणूस पायाच्या ज्या भागावर उभा राहतो, त्याला चवडा म्हणतात. टाच उचलली की साऱ्या देहाचा भार या चार बोटे रुंद जागेवर येतो. चालतानाही पावलोपावली हेच घडते. आधी टाच टेकते, मग तळवा, आणि टाच उचलली गेली की चवडा अंगाला पुढे ढकलतो. आत पाच लांबट हाडांची टोके, त्यांच्याखाली चरबीची गादी आणि हाडांच्या मधून बोटांकडे जाणारे मज्जातंतू, एवढा संसार तिथे दाटीवाटीने नांदत असतो. तिथे दुखू लागले की पायाखाली खडा आल्यासारखे वाटते. जोडा काढून झटकावा, तर खडा नसतोच! मग घरची मंडळी म्हणतात, "आता पुरे झाले फिरणे. घरात स्वस्थ बसा." सल्ला मायेचा खरा, पण तो बरोबर असतोच असे नाही. का, ते कळायला या दुखण्याचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो निम्मा वैद्यांचा, तर निम्मा जोडे शिवणाऱ्यांचा आहे.

चौदाव्या शतकात युरोपातल्या हौशी लोकांत लांब टोकदार जोड्यांचे वेड शिरले. जोड्याचे टोक जितके लांब, तितकी प्रतिष्ठा मोठी! इंग्लंडच्या चौथ्या एडवर्ड राजाने १४६३ साली कायदा करून सामान्य जनांच्या जोड्यांच्या टोकांवर दोन इंचांची मर्यादा घातली. या थाटाची किंमत पायांनी कशी मोजली, हे केंब्रिज येथील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते. त्यांनी जुन्या दफनभूमींतले १७७ सांगाडे तपासले. अंगठा आतल्या बाजूला कलून त्याच्या मुळाशी हाड पुढे येण्याचा दोष अकराव्या ते तेराव्या शतकांतल्या सांगाड्यांत ६ टक्के होता; चौदाव्या-पंधराव्या शतकांत तो २७ टक्के झाला. असा अंगठा आपल्या वाटणीचा भार उचलत नाही आणि तो शेजारच्या हाडांवर पडतो. हा दोष असलेल्या उतारवयाच्या माणसांत पडून हाडे मोडल्याच्या खुणाही अधिक आढळल्या. म्हणजे बिघडलेला पाय सबंध माणसाला पाडू शकतो.

टोके गेली आणि टाचा आल्या. इसवी सन १६०० च्या सुमारास, इराणी घोडेस्वारांच्या जोड्यांवरून उंच टाचेची फॅशन युरोपात पसरली. फ्रान्सचा चौदावा लुई तर लाल टाचांचे जोडे घालून दरबारात मिरवे. टाच उंच झाली की भार पुढे सरकतो आणि चवडा भरडला जातो. त्यातच टाचेच्या जोड्यांसाठी डाव्या-उजव्या पायांचे वेगळे साचे करणे खर्चाचे, म्हणून दोन्ही पायांना एकच सरळ साचा वापरण्याची चाल पडली. ती एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. ज्या युगात न्यूटनने ग्रहांच्या गतीचे गणित मांडले, त्या युगात जोडे करणाऱ्याला डावा पाय आणि उजवा पाय यांतला भेद ओळखण्याची गरज वाटू नये, ही मोठी गंमतच म्हणायची!

या वेडेपणावर पहिला शास्त्रीय प्रहार केला तो पेत्रुस कांपर या डच शरीरशास्त्रज्ञाने. १७८१ साली त्याने उत्तम जोडा कसा असावा यावर निबंध लिहिला. थोर विद्वानांनी घोड्यांच्या आणि बैलांच्या खुरांची एवढी काळजी वाहिली, मग माणसाच्या पायांनीच काय अपराध केला, असा त्याचा सवाल होता. पुढे १८६१ साली हा निबंध इंग्रजीत छापला गेला तो जेम्स डाउई नावाच्या लंडनच्या एका जोडे करणाऱ्याच्या पुस्तकात. विद्वानाचे म्हणणे कारागिराने मनावर घेतले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

वैद्यांचा शोधही याच काळात चालू होता. १८३५ साली इटलीतल्या फिलिप्पो चिविनीनीने बोटांकडे जाणाऱ्या मज्जातंतूवरची गाठ वर्णिली. १८४५ साली लुइस डर्लाखर या इंग्लंडच्या राणीच्या पाय-चिकित्सकाने तिथल्या वेदनेचे वर्णन केले. पण दुखण्याला नाव चिकटले ते फिलाडेल्फियाच्या टॉमस मॉर्टनचे. १८७६ साली त्याने चौथ्या बोटाच्या मुळाशी होणाऱ्या कळेवर लेख लिहिला. दोष सांध्यात आहे असे मानून तो सांधाच काढून टाकी. १८९३ साली शिकागोच्या आल्बर्ट होडलीने सांधा राखून ती गाठच काढली. खऱ्या अर्थाने ती गाठही नव्हे. वारंवार दाबल्या गेलेल्या मज्जातंतूभोवतीचा तो जाडसर थर असतो.

तिसरा धडा सैनिकांनी दिला. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने लांब कूच केलेल्या शिपायांचे सुजलेले, दुखरे पाय वर्णिले. ना मार लागलेला, ना पाय मुरगळलेला. मग सूज कशाची? १८९५ साली क्ष-किरण सापडले आणि दोनच वर्षांत उत्तर मिळाले: चवड्यामागच्या लांब हाडांना बारीक चिरा पडल्या होत्या. सवय नसताना एकाएकी चाल वाढवली की हाड पुन्हा भरून येण्याआधीच थकते.

सर्वांत मोठा धडा मात्र आपल्या देशात मिळाला. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. १९४६ साली ते वेल्लोरच्या रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून आले. कुष्ठरोगात मांस आपोआप झडते, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले, की पायांची संवेदना जाते आणि म्हणून जखमा होतात. निरोगी माणूस लांब चालला की नकळत पाऊल बदलतो, भार इकडून तिकडे सरकवतो, क्वचित लंगडतो. कुष्ठरोगी मात्र चवड्याच्या त्याच जागेवर त्याच जोराने चालत राहतो, आणि तिथे व्रण पडतो. या जाणिवेतूनच दक्षिणेत सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला अशा रुग्णांसाठी करण्यात आल्या. ज्या वेदनेला आपण शिव्या देतो, ती नसलेल्या माणसांचे पाय झिजून जातात! मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना हाच नियम लागू आहे.

म्हणजे चवड्याची कैफियत चालण्याविरुद्ध नाही. चुकीच्या जोड्याविरुद्ध आणि एकाएकी लादलेल्या भाराविरुद्ध आहे. तिचा निकाल घरीही बराचसा लागतो. जोडा पुढून इतका रुंद हवा, की बोटे आत मोकळी हलावीत. टाच बुटकी आणि तळ जाड व मऊ असावा. कडक फरशीवर अनवाणी वावर टाळावा. आत गादी घालायची, तर ती दुखऱ्या जागेच्या खाली नको. किंचित मागे हवी, म्हणजे हाडांची टोके उचलली जातात. पोटऱ्या आखडल्या असतील तर भिंतीला हात टेकून त्या रोज ताणाव्यात. दुखणे जोरात असेल त्या दिवसांत सायकल किंवा पोहणे यांनी अंग हलते ठेवावे. मग थोडे चालावे आणि हळूहळू वाढवावे. सूज आली, बोटे बधिर झाली किंवा काही आठवड्यांत उतार पडला नाही, तर डॉक्टर गाठावा. हाडाची बारीक चीर पहिल्या क्ष-किरण चित्रात कधी कधी दिसतही नाही, हेही ध्यानात असावे. मधुमेही माणसाने तर दुखण्याची वाट न पाहता रोज तळवे न्याहाळावेत.

आपल्याकडे आषाढीच्या वारीत वाटेवरची माणसे वारकऱ्यांचे पाय चोळून देतात, चर्मकार तुटलेल्या वहाणा फुकट शिवून देतात. "चालू नका" असे तिथे कुणी म्हणत नाही. चालणे सोपे व्हावे म्हणून प्रत्येक जण हात लावतो. म्हाताऱ्या माणसाचे फिरणे सुटले की त्याचे देऊळ सुटते, बाजार सुटतो, सोबती सुटतात, आणि बघता बघता घरातला एक कोपरा तेवढा उरतो. या पाडव्याला वडीलधाऱ्यांच्या पाया पडाल, तेव्हा क्षणभर त्या पायांकडे नीट पाहा. कुठे दुखते ते विचारा, त्यांच्या चपलेचा झिजलेला तळ उलटून बघा. आणि यंदाच्या ओवाळणीत पुढून रुंद, मऊ तळाचा एक जोड आणा.