एका टोपीचे पाच हजार टाके

टोपी म्हटली की आपल्याला खादीची टोपी आठवते, नाही तर बाळाची कुंची. रुंद काठाची टोपी, जिला आपण हॅट म्हणतो, ती बरीच वर्षे साहेबाच्या डोक्यावरच शोभायची असे आपण धरून चाललो होतो. आता तसे राहिलेले नाही. उन्हाळ्यात सुती दोऱ्याची, क्रोशाने विणलेली हॅट शाळकरी मुलीपासून आजीबाईंपर्यंत कुणाच्याही डोक्यावर दिसते, आणि हौशी गृहिणी ती घरी विणतातही. वाचकहो, या घरगुती टोपीला इतिहास आहे, आणि तो वाटतो तितका गोड नाही.

आधी ती विणतात कशी ते पाहू. ज्या भगिनींना हे पाठ आहे त्यांनी क्षमा करावी. दोऱ्याच्या एका छोट्या वेढ्यात सहा मुके खांब घालायचे. पुढच्या फेरीला बारा, मग अठरा, मग चोवीस; म्हणजे दर फेरीला सहा टाके वाढवायचे. असे केले की चकती सपाट पडते. सहाच का? वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढली की परीघ त्या उंचीच्या सव्वासहा पट वाढतो. मुका खांब जेवढा रुंद जवळजवळ तेवढाच उंच, म्हणून सहाचा हिशेब जमतो. चकती डोक्याच्या मापाची झाली की वाढवणे थांबवायचे. टाके तेवढेच राहिल्यामुळे विणकाम आपोआप खाली वळते आणि भिंत उभी राहते. भिंत कानापर्यंत आली की पुन्हा सहा-सहा वाढवायचे, की काठ बाहेर पसरतो. सहाच्या जागी दहा-बारा वाढवलेत तर काठाला झालरीसारख्या चुण्या पडतील. भूमितीचा हा धडा आमच्या वेळी वर्गात कुणी असा शिकवला असता तर किती बरे झाले असते!

आता या कलेचे वय. क्रोशे फार प्राचीन असावे असा आपला समज असतो, पण १८०० सालापूर्वीचा भरवशाचा पुरावा अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. छापील नमुने दिसू लागतात ते १८२० नंतर, ‘पेनेलोपे’ नावाच्या एका डच मासिकात. एक मत असे की युरोपात अठराव्या शतकात ताणलेल्या कापडावर आकडीच्या सुईने साखळी टाका घालण्याची जी रीत आली, तिच्यातून कापड काढून टाकले आणि क्रोशे उरले. ती रीत पूर्वेकडून गेली असे मानतात. आपल्याकडचे आरीकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे नाते चटकन पटेल. ‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थही लहान आकडा एवढाच.

पण ज्या घटनेने ही आकडी घराघरांत पोचवली ती म्हणजे आयर्लंडचा दुष्काळ. १८४५ साली तिथल्या बटाट्यावर रोग पडला. गरिबांचे सारे जेवण त्या एका पिकावर होते. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली आणि तितकीच, किंबहुना अधिक, देश सोडून गेली. अशा वेळी कॉर्कजवळच्या उर्सुलाइन मठातल्या जोगिणींनी मुलींना क्रोशे शिकवायला घेतले. उत्तरेकडे मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावी १८४७ साली तिथल्या धर्मगुरूच्या पत्नी कॅसान्ड्रा हँड यांनी हेच केले. भांडवल किती? एक आकडी आणि सुताचे रीळ. व्हेनिसच्या सुईच्या जाळीचा थाट या बायकांनी आकडीने कितीतरी कमी वेळात उतरवला. कुणाच्या घरी नुसते गुलाब विणले जात, कुणाच्या घरी नुसती पाने. एखादा खास नमुना घरातल्या घरात जपला जाई. मग तिसरीच बाई ते सगळे तुकडे जाळीत जोडी. कॉलर, बाह्यांच्या कडा, पोरांच्या टोप्या असा माल लंडन-पॅरिसला जाई. शेतातले पीक गेलेले आणि घरात येणारे पैसे बाईच्या आकडीचे, असे दिवस कित्येक कुटुंबांनी काढले.

पुढे स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या भरतकाम यंत्रांनी आयरिश क्रोशाची हुबेहूब नक्कल काढली. युक्ती पाहा: रेशमी कापडावर यंत्राने सुती भरतकाम करायचे आणि मग ते कापड रसायनात विरघळवून टाकायचे! उरते ती जाळी. बाजार त्या नकलेने बराच खाल्ला. तरी ती नक्कलच. सुयांवरच्या विणकामाचे यंत्र इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ सालीच केले होते; क्रोशाचा खरा टाका घालणारे यंत्र मात्र कारखान्यांत आजही रुळलेले नाही. कारण साधे आहे. सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे फास एकदम उघडे असतात, प्रत्येकाला एक लोखंडी आकडी दिली की काम भागते. क्रोशात जिवंत फास एकच. आकडीला दर वेळी झालेल्या विणीत नवी जागा शोधून शिरावे लागते, आणि ती जागा बोटांनाच कळते.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. दुकानात टांगलेली क्रोशाची टोपी कितीही स्वस्त असो, ती कुणाच्या तरी हाताने विणलेली आहे.

हा हात पुष्कळदा घरात बसलेल्या बाईचा असतो, आणि याचे सर्वांत नीट टिपलेले उदाहरण आपल्याच देशातले आहे. गोदावरीच्या मुखाजवळ, आंध्रातल्या नरसापूर परिसरात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला नेली. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी तिथे राहून केलेली पाहणी १९८२ साली पुस्तकरूपाने आली. माल परदेशी जात होता, दलाल आणि निर्यातदार श्रीमंत होत होते. आणि दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणणारी बाई कागदोपत्री होती ‘गृहिणी’. रिकाम्या वेळात बसल्या बसल्या दोन टाके घालते, असे समजले की मजुरी ठरवायचे कारणच उरत नाही! तिला पडणारी रोजी शेतमजूर बाईच्या किमान वेतनापेक्षाही पुष्कळ कमी होती. आयर्लंडात दुष्काळ होता, म्हणून थोडक्या पैशांतही जीव जगला असे म्हणता येते. इथे तेही कारण नव्हते.

आपण आपल्या टोपीचा हिशेब मांडून पाहू. डोक्याचा घेर सत्तावन्न सेंटिमीटर, दोरा जाडसर, एका सेंटिमीटरला दोन टाके. चकतीच्या एकोणीस फेऱ्या, म्हणजे ११४० टाके. भिंतीच्या वीस फेऱ्या, प्रत्येकीत ११४, म्हणजे २२८०. काठाच्या बारा फेऱ्या, १२० पासून १८६ पर्यंत, म्हणजे १८३६. बेरीज ५२५६. सरावाच्या हाताला एका टाक्याला चार सेकंद लागतात असे धरले तरी न थांबता पावणेसहा तास होतात. मोजणी चुकून उसवावे लागले, तर त्याचा वेळ वेगळा. घरी स्वतःसाठी विणणारीला हे तास सुखाचे असतात, त्यांचा हिशेब ती मागत नाही, आणि मागूही नये. विकायला विणणारीची गोष्ट निराळी.

पुढे कधी दुकानात अशी टोपी दिसली तर उलटी करून तिचा मधला भाग पाहा. सहा टाक्यांचे छोटे कडे दिसेल. तिथून बोट ठेवून फेऱ्या मोजायला लागा, आणि मग किमतीची चिठ्ठी वाचा.