शिंपल्यांतला गेरू

गेरू आपल्या नित्य परिचयाचा. तुळशीवृंदावनाला त्याचा हात द्यावा, रांगोळीखालीं तो सारवावा, एवढेंच त्याचें काम असें आपण समजतों. परंतु मनुष्याला मनुष्यपण केव्हां आलें या वादांत एक मोठी साक्ष या तांबड्या मातीनें दिली आहे. तिचा रंग लोखंडाच्या गंजाचा. तो हाडामांसासारखा कुजत नाहीं.

दक्षिण आफ्रिकेंत, केप टाऊनच्या पूर्वेस सुमारें ३०० किलोमीटरांवर, समुद्रकांठच्या कड्यांत ब्लॉम्बोस नांवाची एक लहानशी गुहा आहे. तेथें ख्रिस्तोफर हेन्शिलवुड व त्यांच्या सहकाऱ्यांना २००८ सालीं दोन मोठे शिंपले मिळाले. सुमारें १ लक्ष वर्षांपूर्वींच्या थरांत ते पडून होते आणि आंत तांबडा लेप वाळून बसला होता. लेपांत गेरूची पूड होती, कोळसा होता, तापवून कुटलेलें हाड होतें. शेजारींच गेरू घांसण्याचे व फोडण्याचे दगड. हाडांतली चरबी बाहेर यावी म्हणून तें तापविलें असावें, आणि सर्व कांहीं पातळ द्रवांत कालविलें होतें. आपल्या स्वयंपाकघरांत पाट्यावरवंट्याजवळ वाटण काढून ठेवावें, तसाच हा थाट! पुढें वाऱ्यानें वाळू आंत आली आणि सारें झांकून गेलें.

हें मिश्रण कशासाठीं? आफ्रिकेंतील सिबुडू गुहेंतल्या दगडी पात्यांवर गेरू व डिंक यांचे अवशेष आहेत. दांड्याला पातें चिकटविण्यास असा लेप उपयोगी पडतो, हें लिन वॉडली यांनीं स्वतः करून दाखविलें. तेव्हां गेरू म्हणजे लगेच शृंगार, असें म्हणण्याची घाई नको. परंतु ब्लॉम्बोसच्या शिंपल्यांत डिंक वा राळ यांचा मागमूस नाहीं. अंगाला फांसण्याचा रंग असेल, कातड्यावरील लेप असेल. मला स्वतःला या प्रश्नाहून त्या तयारीचें अधिक वाटतें. दगड कोठें मिळतो, काय तापवावें, कशांत साठवावें, हें आधीं मनांत योजल्यावांचून हा शिंपला भरत नाहीं. अशी बुद्धि युरोपांत चाळीसेक हजार वर्षांपूर्वीं प्रथम जागी झाली, असा पुष्कळ विद्वानांचा समज होता. तो आतां टिकत नाहीं.

शिवाय त्याच गुहेंत गेरूचे कोरलेले तुकडे निघाले. ते २००२ सालीं प्रसिद्ध झाले. सुमारें ७५ हजार वर्षांपूर्वीं कोणी तरी त्यांवर तिरप्या रेघा एकमेकींना छेदून ओढल्या. त्या रेघांनीं ना कातडें कमावतें, ना पातें चिकटतें.

२०१८ सालीं आणखी एक दगडी कपची उजेडांत आली, ७३ हजार वर्षांपूर्वींची. तिच्यावर गेरूच्या कांडीनें ओढलेल्या नऊ रेघा आहेत: सहा जवळजवळ समांतर, तीन त्यांना छेदणाऱ्या. सर्व रेघा कपचीच्या कडेशीं एकाएकीं तुटतात. म्हणजे चित्र मूळ मोठ्या दगडावर पसरलेलें असावें. तो दगड अद्याप सांपडलेला नाहीं.