‘शेतकऱ्यांच्या’मधला अर्धा र आणि लिनक्समधल्या प्रतींचा इतिहास

आमच्या वाशिम जिल्ह्यात शेतीसंबंधीचा कुठलाही कागद हातात घ्या, ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द त्यात असतोच. त्यातला य ला आडवा चिकटलेला अर्धा र नीट बघा. हा ‘सूर्य’मधला डोक्यावरचा रफार नाही. मराठीत या दोन खुणांनी अर्थच बदलतो: ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. हिंदीचं या खुणेवाचून अडत नाही, आपलं अडतं.

आता प्रश्न असा की संगणकावर हा र काढतं कोण? फॉन्ट, असं बहुतेक जण म्हणतील. ते अर्धंच खरं. फॉन्टमध्ये आकार असतात. कोणत्या जागी कोणता आकार बसवायचा हे आकार-जुळणीची लायब्ररी ठरवते. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड. युनिकोडने नियम सांगून ठेवला आहे: ऱ (नुक्त्याचा) आणि हलन्त आले की हा र काढा, र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक आला तरी हाच काढा. पण हा नियम लायब्ररीला माहीत नसेल, तर फॉन्ट कितीही चांगला असला तरी पाय मोडलेलं अक्षर किंवा भलताच रफार दिसणार.

फॉन्टची बाजू तशी लवकर मार्गी लागली. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. त्यांचं मूळ काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं. खरी गुंतागुंत लायब्ररीत होती, आणि ती समजायला ‘प्रत कुठे ठेवली आहे’ हे बघावं लागतं.

फ्रीटाइप प्रकल्पात ओपनटाइप फॉन्ट वाचणारा थोडा कोड होता. तो उचलून नोमच्या पँगोने स्वतःच्या पोटात ठेवला, केडीईमागच्या क्यूटनेही ठेवला. दोन्ही प्रती वेगवेगळ्या वाढल्या. ओपनऑफिसने तिसरीच वाट धरली: आयसीयू (हॉस्पिटलातलं नव्हे, युनिकोडसाठीची लायब्ररी). म्हणजे एकाच यंत्रावर, एकाच फॉन्टमध्ये, एका शब्दासाठी तीन स्वतंत्र कारागीर. एकात केलेली दुरुस्ती दुसऱ्यापर्यंत आपोआप जायचा मार्गच नव्हता.

पुढे पँगो आणि क्यूट यांच्या प्रती एकत्र करून हार्फबझ हा सामाईक प्रकल्प झाला. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं, ‘ओपनटाइप’चंच भाषांतर. बेहदाद एस्फहबोद यांनी तो नव्याने लिहिला. पँगो २०१२ मध्ये नव्या हार्फबझवर गेलं, लिब्रेऑफिस ४.१ ने २०१३ मध्ये लिनक्सवर तेच स्वीकारलं, आणि २०१६ मध्ये आयसीयूने आपलं जुळणीचं इंजिन काढूनच टाकलं.

मग प्रश्न सुटला का? नाही ना! लायब्ररी एक झाली, प्रती एक झाल्या नाहीत. डेबियनचं लिब्रेऑफिस यंत्रावरची सामाईक हार्फबझ वापरतं. लिब्रेऑफिसच्या संकेतस्थळावरून उतरवलेलं पॅकेज स्वतःची प्रत सोबत आणतं. क्रोमियमच्या स्रोतातही स्वतंत्र प्रत असते.

वितरणांना अशा प्रतींची चीड का, हे मार्च २००२ मध्ये सगळ्यांना कळलं. झेडलिबमध्ये तीच स्मृती दोनदा मोकळी करण्याचा दोष सापडला. सामाईक झेडलिब दुरुस्त करणं सोपं होतं. कर्नलपासून लहानसहान प्रोग्रामांपर्यंत लपलेल्या प्रती हुडकणं हेच मोठं काम ठरलं. डेबियनच्या धोरणात अशा ‘सोयीच्या प्रतीं’विरुद्ध स्पष्ट कलम आहे. फेडोराचा नियमही कडक होता. २०१५ मध्ये तो सैल झाला, पण सोबत आणलेल्या लायब्ररीची नोंद पॅकेजमध्ये करायची अट राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपीच्या दोषाने तीच धावपळ पुन्हा घडवली.

प्रती ठेवणाऱ्यांना मी आळशी म्हणणार नाही. ज्या आवृत्तीवर चाचणी केली तीच वापरणाऱ्याकडे असावी, ही अपेक्षा रास्तच आहे. शिवाय वितरणाच्या स्थिर आवृत्तीत लायब्ररी जुनी असते. तिथे सोबत आलेल्या प्रतीत दुरुस्ती आधी मिळू शकते. तरी मराठीपुरतं माझं मत सामाईक प्रतीच्या बाजूने झुकतं. झेडलिबचा दोष जगभर बोंबलला जातो. अर्ध्या र ची तक्रार नोंदवणारे मोजकेच, आणि त्यांनी ती प्रत्येक प्रोग्रामच्या दारात जाऊन करायची म्हटलं तर ती होणारच नाही.

संशोधनाला बसणाऱ्यांसाठी यातली कामाची गोष्ट वेगळीच आहे. ‘२०११ साली लिनक्सवर मराठी नीट दिसत नव्हती’ असं वाक्य प्रबंधात लिहिलंत, तर मार्गदर्शक विचारतील: कोणत्या प्रोग्राममध्ये? कोणत्या प्रतीत? याचं उत्तर आठवणींतून काढू नका. पॅकेजांचे चेंजलॉग हे तारीखवार दफ्तर आहे. डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात २००५ पासूनची पॅकेजेस आहेत; जुनी आवृत्ती आभासी यंत्रात बसवून शब्द प्रत्यक्ष टाइप करता येतो.

सुरुवात आपल्याच यंत्रापासून करा. ‘एलडीडी’ ही आज्ञा प्रोग्राम कोणत्या सामाईक लायब्ररींशी जोडलेला आहे ते दाखवते. मोठ्या प्रोग्रामांत मुख्य फाइल छोटी असते, तेव्हा तिच्या सोबतच्या लायब्ररी फाइल्सवरही ती चालवा. यादीत हार्फबझचा मार्ग यंत्राच्या सामाईक फोल्डरमधला आहे की प्रोग्रामच्या स्वतःच्या, हे लिहून ठेवा. कुठेच नाव दिसलं नाही, तर प्रत आतच मुरवलेली असू शकते. मग स्रोताचं फोल्डर उघडा. आणि ‘आचार्यांना’, ‘आचाऱ्यांना’ हे दोन्ही शब्द दोन प्रोग्रामांत शेजारी टाइप करून तारीख व आवृत्तीसह स्क्रीनशॉट जपून ठेवा.